पडद्यावरचा पाऊस

गेल्या उन्हाळ्यात बीडला बहिणीकडं गेलो, तेव्हा भाच्यानं नवा टीव्ही आणलेला होता. मामाला त्याची करामत दाखवायची म्हणून त्यानं ‘ज्युरासिक पार्क’ लावला. फोर-के प्रत, मूळ निगेटिव्हवरून नव्यानं काढलेली. टी-रेक्सचा प्रसंग आला. रात्र, बंद पडलेल्या गाड्या, कुंपणाची वीज गेलेली, वरून पाऊस. मी सरसावून बसलो आणि जरा वेळानं तोंडून निघून गेलं, “यात पाऊस कमी केलाय.”

भाचा हसला. “मामा, पाऊस कामून कमी करतील?”

त्याचं बरोबर होतं आणि माझंही. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो १९९७ च्या चैत्रात, केज तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेत, तंबूत बसून. मुंबई-पुण्यात तो १९९४ सालीच हिंदीत डब होऊन लागून गेलेला. आमच्यापर्यंत पोचायला त्याला तीन वर्षं लागली, आणि वाटेत तो चांगलाच झिजला. पडद्यावर वरून खाली उभ्या रेघा सारख्या पडत असायच्या. त्याला सगळे ‘पाऊस’च म्हणायचे. जोर वाढला की मागून कुणीतरी हमखास ओरडायचं, “छत्री आणा रे!” टी-रेक्सच्या प्रसंगात अशा रीतीनं दोन पाऊस होते, एक दिग्दर्शक स्पीलबर्गनं पाडलेला आणि दुसरा गावोगावच्या प्रोजेक्टरांनी. बारा वर्षांच्या पोराला ते निरनिराळे कळायचे कसे? त्यात आमचा मुलूख पर्जन्यछायेतला. एवढा पाऊस मी शिवारात कधी पाहिलेला नव्हता.

जुने चित्रपट, त्यातही विज्ञानकथांवरचे, नव्या झळाळीत आले की त्यांचे चाहते अशाच तक्रारी करतात. रंग असे नव्हतेच, चेहरे इतके गुळगुळीत नव्हते, ते यान असं खेळण्यासारखं दिसत नव्हतं. जाणकार त्यांना समजावतात की बाबांनो, मूळ असंच होतं. दोन्ही पक्ष खरं बोलत असतात. घोटाळा इतकाच, की जाणकार निगेटिव्हबद्दल बोलतात आणि चाहते प्रिंटबद्दल. निगेटिव्ह कुठल्याच प्रेक्षकानं कधी पाहिलेलं नसतं.

तहसीलचा एखादा दाखला डोळ्यांपुढं आणा. मूळ कागद एक, त्याची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स. तिसऱ्या खेपेला गोल शिक्क्यातली अक्षरं बुजतात, सहीची शेपटी नाहीशी होते. चित्रपटाचं तसंच. कॅमेऱ्यातून निघतं ते मूळ निगेटिव्ह. त्यावरून एक पॉझिटिव्ह, त्यावरून दुसरं निगेटिव्ह, आणि त्यावरून थिएटरला जाणाऱ्या शेकडो प्रिंटा. दर पायरीला बारकावा थोडा थोडा गळतो. आपल्याकडं तर पुष्कळदा मधल्या पायऱ्यांचा खर्च वाचवून थेट मूळ निगेटिव्हवरूनच प्रिंटा काढल्या गेल्या. त्या दिसायला सरस निघायच्या, पण बिचारं निगेटिव्ह जात्यात घातल्यासारखं झिजायचं. आज फोर-के प्रत काढताना, मिळालं तर, ते मूळ निगेटिव्हच स्कॅन करतात. एका फ्रेममध्ये ४०९६ गुणिले २१६० ठिपके, म्हणजे सुमारे ८८ लाख. म्हणजे भाच्याच्या टीव्हीवर मी जे बघत होतो, ते १९९३ साली अमेरिकेतल्या प्रेक्षकालाही इतकं स्पष्ट दिसलेलं नसणार. मग आमच्या तंबूची काय कथा.

तंबूवाल्यांच्या वाट्याला प्रिंट यायची ती म्हातारपणी. ‘ज्युरासिक पार्क’ १२७ मिनिटांचा. पस्तीस एमएमची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, त्या हिशेबानं हा चित्रपट जवळपास साडेतीन किलोमीटर लांब. हे साडेतीन किलोमीटर दर खेळाला दातेरी चाकांवरून, दिव्याच्या आचेपुढून, धुळीतून सरकायचे. तुटले की ऑपरेटर दोन्ही टोकांच्या दोन-चार फ्रेमा कापायचा आणि सांधा मारायचा. चित्रपट तेवढा आखूड व्हायचा. कापलेले तुकडे तंबूमागं पडायचे आणि ते वेचायला आमची झुंबड उडायची. त्यातला एक तुकडा माझ्याकडं अजून आहे. त्याचं पुढं सांगतो.

आधी आमच्या भांडणाचं. हिंदी चित्रपटधंद्यानं देशाचे जे विभाग पाडलेत, त्यात मराठवाडा ‘निझाम’ सर्किटात येतो. संस्थान १९४८ साली गेलं, धंद्यात नाव राहिलं. शेजारचं नगर मात्र मुंबई सर्किटात. म्हणजे जिल्ह्याची हद्द ओलांडली की वितरक वेगळा, प्रिंट वेगळी. आमच्या गावातली निम्मी बिऱ्हाडं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिमेकडं जायची आणि पाडव्याच्या आसपास परतायची. जत्रा चैत्रात ठेवणाऱ्या पूर्वजांना हे ठाऊक नसेल, पण तंबूवाल्यांना नक्की होतं. हातात चार पैसे असलेला गाव त्यांना तेव्हाच सापडायचा. माझा थोरला चुलतभाऊ त्या साली तिकडं कारखान्याजवळच्या टॉकीजला हाच चित्रपट पाहून आलेला. तंबूतून बाहेर पडताना तो म्हणाला, “आरं, ते बारके डायनासोर लेकरांच्या मागं किचनमदी येतेत, ते कुठंय?”

“असलं काही नाही त्यात,” आम्ही म्हणालो.

“हाय की! दार उघडतेत ते, हातानं.”

त्याला आम्ही दोन दिवस खोटारडा ठरवला. दार उघडणारा डायनासोर म्हणजे काहीही. पुढं कैक वर्षांनी तो प्रसंग टीव्हीवर पाहिला, तेव्हा उलगडा झाला. रात्री दुसरा खेळ वेळेत लागावा म्हणून आमच्या ऑपरेटरनं एक अख्खं रीळ गाळलेलं असणार. अकरा मिनिटं एका दमात वाचली. आजही तो किचनचा प्रसंग बघताना मला तो मागाहून घुसडल्यासारखा वाटतो. कितीही अस्सल निगेटिव्ह आणा, माझ्या ‘ज्युरासिक पार्क’मध्ये ते किचन नाहीच.

आता दुरुस्तीचं काम चालतं कसं ते बघू. आधी फिल्म हातानं तपासतात, फाटलेली भोकं, सुटलेले सांधे नीट करतात, ती धुतात. मग स्कॅनिंग. यातली एक युक्ती मला फार आवडते. चष्म्याच्या काचेवर बारीक ओरखडे असले आणि काच ओली झाली, तर पाणी आहे तोवर ओरखडे दिसत नाहीत; पाणी त्या खाचांत भरतं आणि प्रकाश सरळ जातो. तसंच फिल्म स्कॅन होताना तिला एका द्रवात भिजवतात. प्रकाश फिल्मच्या प्लास्टिकमधून जितका वाकतो तितकाच ज्यातून वाकेल, असा तो द्रव निवडलेला असतो. ड्रायक्लीनिंगवाले वापरतात त्यातलंच एक रसायन यासाठी चालतं. पाठीकडचे ओरखडे जागच्या जागी बुजतात. चित्र असलेल्या बाजूला खोल खरवडलं असेल तर मात्र इलाज नाही, कारण तिथं चित्रच उरलेलं नसतं.

उरलेली सफाई संगणकावर. धुळीचा कण एका फ्रेमवर असतो, आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमवर नसतो. म्हणून संगणकाला सांगून ठेवायचं की शेजारच्या फ्रेमांशी ताडून बघ आणि एकाच फ्रेमपुरतं उगवलेलं जे असेल ते पूस. ऐकायला ठीक वाटतं. पण एकाच फ्रेमपुरतं उगवणारं आणखी काय काय असतं? ठिणगी, बंदुकीचा जाळ, यानामागं लुकलुकणारा तारा आणि पावसाचा थेंब. यंत्राच्या लेखी ही सगळी धूळ. म्हणून पावसाच्या प्रसंगाला यंत्राचा लगाम ओढावा लागतो आणि माणसाला एकेक फ्रेम नजरेखालून घालावी लागते. ‘ज्युरासिक पार्क’च्या लांबीच्या चित्रपटात फ्रेमा असतात १ लाख ८२ हजारांवर. इतका वेळ आणि पैसा प्रत्येक चित्रपटामागं कोण लावणार? कंटाळलेल्या हातानं यंत्र मोकाट सोडलं, तर पाऊस खरोखरच कमी होऊ शकतो. भाच्याला मी हे सांगितलं, तेव्हा त्याचं हसू जरा कमी झालं.

विज्ञानपटांची गोची याहून मोठी आहे. त्यांतली जादू प्रिंटच्या धूसरपणावर हिशेब ठेवून केलेली असते. एच. जी. वेल्सच्या कादंबरीवरून निर्माता जॉर्ज पाल यानं १९५३ साली ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ काढला. त्यातली मंगळवासीयांची लढाऊ याने तारांनी टांगलेली होती. टेक्निकलरच्या त्या वेळच्या प्रिंटा रंग ठशासारखे उमटवून तयार व्हायच्या, त्यात बारीक रेषा बुडून जायच्या. प्रेक्षकांना याने तरंगताना दिसली. पुढं दुसऱ्या पद्धतीच्या, जास्त लख्ख प्रिंटा निघाल्या, व्हिडिओ आला, आणि तारा उघड्या पडल्या. एका पिढीनं तो चित्रपट ‘तारा दिसणारा’ म्हणूनच ओळखला. २०१८ साली पॅरामाउंटनं त्याची फोर-के दुरुस्ती केली तेव्हा तारा संगणकानं पुसल्या. ही फसवणूक म्हणायची का? निगेटिव्हवर तारा आहेत हे खरं. १९५३ च्या प्रेक्षकाला त्या दिसल्या नाहीत हेही खरं. मला विचाराल तर पुसल्या ते बरं केलं. चित्रपट पडद्यासाठी केलेला असतो, सूक्ष्मदर्शकासाठी नव्हे. पण हेच तत्त्व धरून पुढच्यानं आणखी काय काय पुसावं, याला मात्र मला मर्यादा घालता येत नाही.

‘ज्युरासिक पार्क’मध्ये डायनासोर सगळे मिळून जेमतेम १५ मिनिटं दिसतात. त्यातही संगणकावर घडवलेले पाच-सहा मिनिटांच्या आसपास. बाकीची स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यातली रबर-पोलादाची धुडं. संगणकावरची चित्रं त्या काळच्या यंत्रांना झेपेल तेवढ्याच बारकाव्याची होती आणि ती तशीच फिल्मवर उतरवलेली. आता त्या फिल्मला कितीही बारीक चाळणीतून काढा, मूळ धान्यात नव्हतं ते कुठून येणार? म्हणून फोर-केमध्ये माणसाच्या चेहऱ्यावरचा घाम लख्ख दिसतो आणि त्याच्यामागचा डायनासोर किंचित मऊ. पावसातला टी-रेक्स तरीही आजच्या कितीतरी चित्रपटांवर मात करतो, कारण तिथं अंधार आणि पाणी मदतीला आहेत. त्या पावसाचा विन्स्टनच्या माणसांना फार जाच झाला. रबराची कातडी पाणी पिऊन जड व्हायची, मग ते धूड थरथरायला लागायचं आणि दोन शॉटांच्या मधे त्याला टॉवेलांनी पुसत बसावं लागायचं.

त्या प्रसंगात माझी आणखी एक आठवण खोटी निघाली. माझ्या डोक्यात तिथं खालच्या पट्टीतलं एक घुमणारं संगीत होतं. मूळ चित्रपटात त्या हल्ल्याला पार्श्वसंगीतच नाही. पाऊस, पावलं आणि डरकाळी एवढंच. ध्वनी वेगळ्या सीडीवर ठेवण्याची डीटीएस नावाची पद्धत या चित्रपटापासून सुरू झाली. आमच्या तंबूत कसली सीडी! फिल्मच्या कडेला छापलेला ध्वनी आणि दोन भोंगे. ते घुमणं तंबूमागच्या जनरेटरचं होतं. पेल्यातलं पाणी थरथरतं तो सुप्रसिद्ध क्षणही आमच्याकडं वाया गेला होता. पडदाच वाऱ्यानं हलत होता, पेल्याचं काय घेऊन बसलात.

सफाई जास्त झाली की काय होतं, याची उदाहरणं पुष्कळ आहेत. फिल्मवरचं चित्र रंगाच्या बारीक कणांचं बनलेलं असतं, पडद्यावर ते कण सतत सळसळत असतात. काहींना हा दोष वाटतो आणि ते तो धुऊन काढतात. ‘प्रेडेटर’ची २०१० सालची ब्लू-रे त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. जंगलात घाम गाळणारे सैनिक मेणाच्या पुतळ्यांसारखे दिसतात. ‘टर्मिनेटर २’ची २०१७ ची प्रत त्याच वाटेनं गेली. २०२४ मध्ये ‘एलियन्स’ आला, तेव्हा चेहऱ्यांचा बारकावा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून भरून घेतल्यावरून वाद झाला. कण धुतले की त्याबरोबर सुरकुत्या, रंध्रं, कापडाचा पोतही जातो. डाग काढता काढता साडीचा रंग उतरावा तशी गत. याच्या उलट टोकाला ख्रिस्तोफर नोलन. त्यानं २०१८ मध्ये ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ची ७० एमएम प्रिंट जुन्या निगेटिव्हपासून फोटोरासायनिक पद्धतीनंच काढवून घेतली, संगणकाचा हात न लागू देता, आणि तिला ‘अनरिस्टोर्ड’ म्हणजे दुरुस्त न केलेली असं अभिमानानं म्हटलं.

‘स्टार वॉर्स’चं दुखणं तर दिग्दर्शकानंच दिलेलं. जॉर्ज लुकासनं १९९७ साली आपल्याच चित्रपटात नवे प्राणी, नवे स्फोट घातले, कुणी आधी गोळी झाडली हेसुद्धा बदललं आणि हीच खरी आवृत्ती म्हणून जाहीर केलं. चाहत्यांनी मग १९७७ च्या थिएटरमधल्या प्रिंटा मिळवून, स्वतःच स्कॅन करून, जुना चित्रपट जतन केला. २०२५ च्या जूनमध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं १९७७ ची टेक्निकलर प्रिंट दाखवली, त्याची केवढी बातमी झाली. अठ्ठेचाळीस वर्षं जुनी, वापरलेली प्रिंट. आमच्या तंबूवाल्यांनी अशा प्रिंटा वजनावर भंगारात घातल्या असतील.

आपल्याकडं याच जातीचा पेच ‘शोले’नं घातलाय. त्याचं मूळ निगेटिव्ह आंबून निकामी झालेलं. फिल्मचं प्लास्टिक उष्म्यानं आणि दमटपणानं विघटतं, तेव्हा डबा उघडताच व्हिनेगरचा भपकारा येतो, आणि एका डब्याची लागण शेजारच्या डब्यांना होते. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं सिप्पी फिल्म्सच्या साथीनं लंडनच्या गोदामात आणि मुंबईत मिळालेल्या जुन्या फिल्मांवरून तो पुन्हा उभा केला. दुरुस्तीचं काम इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत झालं आणि तिथंच २७ जून २०२५ ला तो दाखवला. त्यात सेन्सॉरनं आणीबाणीत काढायला लावलेला शेवट परत आलाय: ठाकूर गब्बरला स्वतःच मारतो. रमेश सिप्पींच्या मनातला शेवट हाच. पण पन्नास वर्षं ज्यांनी पोलिसांना ऐन वेळी येताना पाहिलं, त्यांचं काय? डिसेंबरात तो थिएटरात लागला. आमच्या चुलतभावानं पाहिला, मग फोनवर मला म्हणाला, “शेवट बदलून टाकलाय राव त्यांनी.”

या सगळ्या तक्रारी खरं तर चैनीतल्या आहेत, कारण तक्रार करायला काहीतरी उरलेलं लागतं. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं. पी. के. नायरांनी तिथं देशभरातून रिळं गोळा केली, फाळक्यांच्या चित्रपटांचे तुकडे जुळवले. आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागून प्रभातच्या चित्रपटांची नायट्रेट रिळं गेली. प्रभातच्याच १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये गरुडाच्या रूपातलं विमान तुकोबांना घेऊन जातं, तो आमच्या आजीच्या लेखी सिनेमातला सगळ्यात मोठा चमत्कार. त्या विमानाची तार दिसते की नाही, हा प्रश्न तिला सुचला नसता. फ्रिट्झ लांगच्या १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’चे हरवलेले भाग २००८ मध्ये ब्वेनोस आइरेसला १६ एमएमच्या एका प्रतीत सापडले, तेही असे ओरखडलेले की आजच्या तंत्रालाही दाद देईनात. २०१० च्या आवृत्तीत ते तसेच जोडलेत. लख्ख चित्र चालू असताना अचानक पाऊस लागतो, मग थांबतो. ते बघताना मला घरच्यासारखं वाटलं.

आता तो तुकडा. चार फ्रेमा, बोटाच्या दोन पेरांएवढ्या. गाडीचं टप, टॉर्चचा झोत, बाकी अंधार. टी-रेक्स नाही, त्याच्या फ्रेमा थोरल्या पोरांनी आधीच पळवलेल्या. इतकी वर्षं तो कंपासपेटीत होता. भाच्यानं तो खिडकीच्या काचेला धरला आणि मोबाइलवर फोटो काढला. पडद्यावर मोठा करून बघितलं, तर वरपासून खालपर्यंत रेघाच रेघा. काही पांढऱ्या, एक ठसठशीत हिरवी आणि त्यांच्यामधून तिरप्या, तुटक, बारीक अशा आणखी काही. त्या स्पीलबर्गच्या असणार.

“थांबा मामा, साफ करून देतो,” तो म्हणाला.

मी नको म्हणेपर्यंत त्याचं बोट बटणावर पडलं होतं. मोबाइलनं क्षणभर विचार केला. मग चारही फ्रेमा स्वच्छ झाल्या. टप कोरडं, झोत कोरडा, आभाळ निरभ्र.